दुभाषा कोणता घ्यावा?

संगमनेर तालुक्यांतील एका वाचकांनीं आम्हांस प्रश्न केला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत मुलगा व पुतण्या असे दोघे संगणकविद्या शिकलेले आहेत आणि गांवच्या एका पतसंस्थेच्या हिशेबाचें काम दोघांनीं मिळून अंगावर घेतलें आहे. भाषा जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर नोड-जेएस आणि डेटाबेस पोस्टग्रेस, येथवर एकमत झालें. पुढें मात्र गाडें अडलें. पुतण्या म्हणतो, 'प्रिझ्मा' ही लायब्ररी घ्यावी. मुलगा म्हणतो, साधा 'पीजी' ड्रायव्हर पुरे आहे. जेवणाच्या पंक्तीस हाच वाद चालतो, आणि वडील मंडळींस कोणाची बाजू घ्यावी तें उमगत नाहीं. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असल्यामुळें त्याचा विचार येथें सर्वांसमक्ष करणें बरें.

प्रथम वाद कशाचा आहे तें पाहूं. डेटाबेस हें माहितीचें कोठार होय. माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवावी हा विचार एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडला, आणि चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं १९७४ मध्यें त्या कोठाराशीं बोलण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच आजची एसक्यूएल. जावास्क्रिप्ट जन्मली १९९५ सालीं, आणि ती सर्व्हरवर चालविणारा नोड-जेएस आला २००९ मध्यें. म्हणजे कोठाराची भाषा जुनी आणि आमच्या मुलांची भाषा नवी. या दोहोंमध्यें जो दुभाषा उभा राहतो, त्यास लायब्ररी म्हणतात.

हे दुभाषे तीन प्रकारचे आहेत. ज्यांनीं शाळेंत 'रघुवंश' वाचला असेल त्यांस हा भेद चटकन् कळेल. कोणी मूळ श्लोकच वाचतो. कोणी अन्वय लावून घेतो. कोणी मराठी भाषांतरावर भागवितो. 'पीजी'सारखा ड्रायव्हर हा पहिला प्रकार: एसक्यूएल तुम्हीच लिहावयाची, तो फक्त ती पोंचवितो आणि उत्तर आणून देतो. 'कनेक्स'सारखा क्वेरी बिल्डर हा अन्वय: शब्द जावास्क्रिप्टचे, रचना एसक्यूएलची. 'सीक्वेलाइझ', 'टाइपओआरएम', 'प्रिझ्मा' हीं भाषांतरें. त्यांस ओआरएम म्हणतात. तेथें खातें, ठेवीदार, कर्ज हे जणू जावास्क्रिप्टचेच पदार्थ बनतात आणि एसक्यूएल पडद्याआड जाते.

भाषांतर वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. नवा सभासद नोंदविणें, पत्ता बदलणें, यादी दाखविणें अशीं शेंकडों साधीं कामें त्यानें झपाट्यानें होतात, आणि स्तंभाचें नांव चुकीचें लिहिलें तर 'प्रिझ्मा' कार्यक्रम चालण्यापूर्वींच तें दाखवूं शकते. पण भाषांतरावर विसंबलेल्या विद्यार्थ्यास मुळांत काय आहे तें दिसत नाहीं. समजा, ५०० ठेवीदारांची यादी मागितली आणि मग एकेकाचें खातें निरनिराळें मागितलें, तर पडद्याआड कोठाराकडे ५०१ खेपा होतात. जें काम एका खेपेंत व्हावयाचें त्यास इतक्या खेपा. आणि लिहिणार्‍यास मात्र आपण दोनच ओळी लिहिल्या असें वाटत असतें.

हा झाला वेळेचा खर्च. पतसंस्थेंत याहून मोठी गोष्ट पणास लागते, ती म्हणजे लोकांचा पैसा. आमच्या जिल्ह्यास हें निराळें सांगावयास नको. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें उभारलेला साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. असा सहकार शेतकर्‍याचा वहीवर विश्वास असल्यावांचून चालत नाहीं. आतां पाहा. एका खात्यांत ५,००० रुपये आहेत. नवरा एका खिडकीवर आणि बायको दुसरीवर एकाच क्षणीं ४,००० रुपये काढूं लागतात. दोन्ही खिडक्यांनीं आधीं शिल्लक वाचली, दोघींस ५,००० दिसले, दोघींनीं पैसे दिले. ३,००० रुपये संस्थेच्या अंगावर आले! यास उपाय असा कीं, शिल्लक वाचतांनाच ती ओळ 'फॉर अपडेट' म्हणून अडवून धरावी. ड्रायव्हरमध्यें हें सरळ लिहितां येतें, 'कनेक्स'मध्यें त्यास स्वतंत्र शब्द आहे. 'प्रिझ्मा'मध्यें मात्र बहुधा मूळ एसक्यूएलच लिहावी लागते.

परंतु यावरून मुलानें हुरळून जाऊं नये. साध्या ड्रायव्हरचेहि सांपळे आहेत. एका खात्यांतून काढून दुसर्‍यांत टाकणें हें एकच कर्म आहे. अर्धें झालें आणि वीज गेली, तर सारेंच रद्द व्हावें, यासाठीं व्यवहार 'बीगिन'नें आरंभून 'कमिट'नें संपवावा. 'पीजी'चा पूल स्वभावतः १० पर्यंत जोडण्या बाळगतो. पुलासच एकेक वाक्य देत गेल्यास 'बीगिन' एका जोडणीवर आणि वजाबाकी दुसरीवर जाऊं शकते. मग तो व्यवहार नांवाचाच. एकच जोडणी हातीं धरून सर्व वाक्यें तिच्यावरच पाठविलीं पाहिजेत. तसेंच ग्राहकानें लिहिलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यांत कधींहि चिकटवूं नये. 'डि'सोझा' या आडनांवांतील एवढ्याशा चिन्हानें वाक्य मोडतें, आणि लबाड मनुष्य त्याच फटींतून अख्खें कोठार उघडतो. मजकूर निराळा आणि वाक्य निराळें पाठविण्याची सोय प्रत्येक ड्रायव्हरमध्यें आहे.

आंकड्यांचीहि एक गोम आहे. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच पूर्णांक अचूक धरते. याहून मोठा सोळा आंकडी खातेक्रमांक संख्या म्हणून ठेवला तर शेवटचा आंकडा बदलूं शकतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तर ती बरोबर ०.३ देतच नाहीं. म्हणून खातेक्रमांक अक्षररूपानें ठेवावा आणि रक्कम पूर्ण पैशांत मोजावी. 'पीजी' दशांश रक्कम मुद्दाम अक्षररूपानें परत देतो, 'प्रिझ्मा' निराळा दशांश प्रकार देते. तें कशासाठीं हें दोघांनाहि ठाऊक हवें.

आतां आमचें मत. संस्थेचे नियम दुभाष्याच्या तोंडीं न ठेवतां कोठारांतच कोरून ठेवावे. शिल्लक शून्याखालीं जाऊं नये, सभासद नसलेल्याच्या नांवें खातें निघूं नये, एक क्रमांक दोघांस मिळूं नये, हीं बंधनें पोस्टग्रेस स्वतः पाळते. मग दुभाषा कोणताहि येवो, दारावरचा पहारेकरी जागा असतो. वजाबाकी कोठारांतच होत असती, तर वर सांगितलेल्या दोन खिडक्यांपैकीं दुसरीस त्यानेंच अडविलें असतें. कोष्टकांच्या रचनेचेंहि तसेंच. अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. ज्यांनीं जिल्ह्यांचें कोष्टक वेगळें ठेवून सभासदापुढें नुसता संकेतांक लिहिला होता, त्यांस एक ओळ बदलून भागलें. ज्यांनीं प्रत्येकापुढें नांव लिहिलें होतें, त्यांस 'अहमदनगर', 'अ. नगर', 'नगर' असे सर्व पाठभेद हुडकणें आलें. गाडीवरचा एमएच १६ हा संकेतांक मात्र नांव बदलूनहि तोच राहिला. हें शहाणपण कोणतीहि लायब्ररी आयतें देत नाहीं.

तेव्हां त्या गृहस्थांनीं दोघांस असें सांगावें: पैशाची देवघेव 'पीजी'नें, मोजक्या फंक्शनांत, उघड्या एसक्यूएलनें लिहा, याद्या आणि अर्ज यांसाठीं पुतण्यास 'प्रिझ्मा' हवी असल्यास खुशाल घ्या, पण ती पडद्याआड काय बोलते त्याची नोंद सुरू ठेवून रोज वाचा. कोष्टकांत केलेला प्रत्येक बदल तारखेवार फाइलींत राहूं द्या. आणि काम संस्थेच्या हवालीं करण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. मुलानें पुतण्याचा भाग आणि पुतण्यानें मुलाचा भाग वडील मंडळींस उकलून सांगावा. उद्यां त्यांतला एक नोकरीसाठीं पुण्यास गेला, तर दुसर्‍यास एकट्यानेंच ठेवीदारांपुढें उभें राहावयाचें आहे.