बसून करायचं काम

“हे पोरगी चार दिवस बरी, दोन दिवस आंथरुनात. इच्यानं काय नोकरी होते ताई?” चिखलदऱ्याच्या आसपासच्या गावांमध्ये सिकलसेल असलेल्या मुलींच्या आया हेच विचारतात. दहावीला चांगले गुण मिळाले तरी अशा मुलीला सायन्सला घालायला घर तयार होत नाही. त्याऐवजी शिवणयंत्र आणून देतात, तेही पायानं चालवायचं! सांधे दुखणाऱ्या पोरीला हे हलकं काम कसं वाटतं, देव जाणे.

मैत्रिणींनो, अशा मुलींसाठी प्रयोगशाळेच्या कामाचा विचार का करू नये? मी स्वतः कलाशाखेची. पण बायकांना तपासणीला नेता-आणताना लॅब जवळून पाहिली आहे. रक्त काढणारीला दिवसभर उभं राहावं लागतं, हे खरं. आतल्या खोलीत मात्र काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजणारी मुलगी स्टुलावर बसलेली असते. कुणी मेणात बसवलेल्या गाठीचे केसाहून कितीतरी पातळ काप घेते, कुणी यंत्रातून आलेले आकडे पडताळते. इथे ताकद लागते ती नजरेची आणि चित्ताची. सिकलसेलचं निदान पक्कं करणारी एचपीएलसी तपासणीसुद्धा अशीच यंत्रापाशी बसून होते.

ब्रिटनच्या डोरोथी हॉजकिन यांना तिशीच्या आतच संधिवातानं गाठलं. बोटं वाकडी झाली, क्ष-किरण यंत्राची मुख्य कळ फिरवता येईना. त्यांनी तिला एक दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवलं. १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अर्थात सगळंच सोपं नाही. यंत्रांसाठी लॅबमध्ये एसी असतो, आणि थंडीनं सिकलसेलच्या वेदना उसळतात. चिखलदऱ्याच्या हिवाळ्यात हे आम्ही दरवर्षी बघतो. स्वेटर आणि पाण्याची बाटली जवळ हवीच. या मुलींना जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून थुंकी तपासण्याचा विभाग, रक्तपेढीची रात्रपाळी यांच्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. डीएमएलटीसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. गल्लोगल्ली निघालेल्या क्लासला पैसे भरण्यापूर्वी कोर्सला मान्यता आहे का, पुढे परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हे कागदावर बघा. तोंडी भरवशावर जाऊ नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमध्ये ५ टक्के जागा राखीव असतात. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत! शिकायला जागा द्यायची आणि कामाला नाही, हा कुठला न्याय? २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, कोट्यवधी लोकांची तपासणी ठरली. त्या तपासण्यांच्या टेबलाशी याच मुली का नकोत? आमदार-खासदार मतं मागायला येतील, तेव्हा बचत गटातल्या बायकांनी हे विचारावं.

तोवर प्रमाणपत्राचं बघा. नुसती वाहक असलेल्या मुलीला ते मिळत नाही. प्रत्यक्ष आजार लागतो. दहावीच्या निकालाची वाट न बघता अर्ज करून ठेवा. घाट उतरून अमरावतीला फेऱ्या माराव्या लागू शकतात, आणि ऐन थंडीत या पोरींना तो प्रवास झेपत नाही.