न्हाणीचा ढाळ आणि आपली अहिंसा



सांगली असो की सातारा, घरात न्हाणीचं काम निघालं की पहिली चर्चा टाइल्सची. रंग कोणता, शॉवर कसला. टाइल्सखालच्या मालाबद्दल कोणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे : पैसा आणि लक्ष आधी त्या थराला द्यावं, टाइल्सला नंतर.

साताऱ्याला माझ्या माहेरी शहाबादी फरशीची साधी न्हाणी आहे. ढाळ असा की पाणी सरळ परसातल्या केळीला जातं आणि घटकाभरात फरशी कोरडी होते. इकडे सांगलीत नव्या, चकचकीत न्हाण्या पाहते, तर शॉवरच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. मग शेवाळ, चिलटं, झुरळं. मग फिनेल, ॲसिड, फवारा. सकाळी पाणी गाळून पिणारे आपण, रात्री त्याच घरात जीव मारतो. जीव मारायचे नसतील, तर ते साचून वाढणारच नाहीत अशी सोय आधी करायला हवी.

मुनिराजांच्या २८ मूलगुणांत अस्नान आहे. पाच समितींतली प्रतिष्ठापना समिती तर शरीराचा मळही जीवरहित जागा पाहूनच टाकायला सांगते. आपण गृहस्थ, आपलं स्नान सुटत नाही. पण आपलं सांडपाणी कुठे थांबतं, एवढं तरी आपण पाहावं.

"बायकांना त्यातलं काय कळतं?" असं कोणी म्हणेल. पण यात न कळण्यासारखं काही नाही. मिस्त्रीकडून एवढं करून घ्या :

वॉटरप्रूफिंगच्या थरालाच जाळीकडे ढाळ हवा. वर ढाळ आणि खाली सपाट असेल, तर झिरपलेलं पाणी मालातच मुरून राहतं. हा थर भिंतीवरही फूटभर चढवावा. तो वाळला की जाळीचं तोंड बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि २४ तास थांबा. खालच्या घराच्या छतालाही ओल आली नाही ना, ते पाहा.

मग माल. एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू. पाणी बेताचं, मुठीत लाडू वळला जाईल इतकंच. पातळ माल सुकताना आक्रसतो आणि तडकतो. ढाळ फुटाला पाव इंच ठेवावा, म्हणजे चार फुटांवरच्या भिंतीपासून जाळीपर्यंत एक इंच. जाळीपाशीही थर दीड इंचाचा असावा. माल चांगला ठोकून बसवावा आणि नंतर सात दिवस ओला ठेवावा.

मिस्त्रीला पुढच्या कामाची घाई असते, घरच्यांना पाहुण्यांची. पण इथे वाचवलेले चार दिवस पुढे सगळी टाइल फोडायला लावतात. शिवाय साचलेल्या पाण्यावरून घसरतात त्या बहुधा घरातल्या आजीच.

म्हणून टाइल्स भारीतल्या नसल्या तरी चालतील. काम चातुर्मासाआधी उरकावं. पावसाळ्यात ओल लवकर वाळत नाही आणि जीवोत्पत्तीही जास्त होते. आणि टाइल्स लावण्याआधी तांब्याभर पाणी भिंतीकडेला स्वतः ओतून पाहा. ते न थांबता जाळीत गेलं, तरच मिस्त्रीला पुढे जा म्हणा.