ओट्सची कुकी हा खाऊच आहे

ओट्सच्या कुकीचा पुडा हातात घेतला, की त्यावर बऱ्याचदा गव्हाच्या लोंबीसारखं एखादं चित्र आणि ‘पौष्टिक’ हा शब्द दिसतो. घरी ओटीजीमध्ये कुकीज भाजणारे आईवडीलही मग तोच दिलासा मनाशी धरतात: मैद्याचं बिस्कीट नाही, ओट्स आहेत, खाऊ दे पोरांना. आकडेमोड केली तर हा दिलासा टिकत नाही.

ओट्सचं नाव झालं ते बीटा-ग्लुकन या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूमुळे. त्याने कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तसा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. त्यासाठी धरलेलं प्रमाण दिवसाला ३ ग्रॅम. तेवढं मिळवायला किमान ६० ग्रॅम कोरडे ओट्स पोटात जायला हवेत.

आता क्वेकर कंपनीची प्रसिद्ध कृती पाहा. ३ कप ओट्स, दीड कप मैदा, सुमारे २०० ग्रॅम बटर, पांढरी आणि ब्राऊन मिळून सव्वा कप साखर, २ अंडी, १ कप बेदाणे. यात चार डझन कुकीज होतात. म्हणजे एका कुकीत ओट्स जेमतेम ५ ग्रॅम आणि साखरही तेवढीच! हृदयाच्या नावाखाली ६० ग्रॅम ओट्स खायचे तर डझनभर कुकीज संपवाव्या लागतील, आणि त्यांच्याबरोबर ६० ग्रॅम साखर व ५० ग्रॅम बटरही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली वरच्या साखरेची दिवसाची मर्यादाच साधारण ५० ग्रॅम आहे. ज्याला ओट्सचा गुण हवा, त्याने सकाळी त्यांचा उपमा करावा.

कुकी मात्र जरूर भाजावी, आणि खाऊ म्हणूनच भाजावी. मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबाभर नानकटाई भाजून आणायची, ही रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होती. ती नानकटाई कुणी औषध म्हणून खाल्ली नाही.

शिवाय गोडाची ही कबुली दिली की कृतीही सुधारते. पौष्टिकतेच्या हट्टापायी बटर निम्मं केलं, की कुकी कोरडी होते. ओट्स जाड पाकळीचे घ्यावेत. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा चावा हरवतो. ब्राऊन शुगरमधल्या मळीमुळे ओलावा टिकतो. १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात: कडा तांबूस झाल्या आणि मधला भाग अजून मऊ असला, की ट्रे बाहेर काढावा. उरलेलं काम तापलेला ट्रे करतो. पुढे भाजत राहिलं, तर बेदाणे करपून कडू होतात.

बेदाण्यांसाठी मात्र आयात पाकिटाकडे वळण्याचं काहीच कारण नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तासगावची बाजारपेठ त्याच मालावर उभी आहे. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, नीट टिपून घातले, की ते पिठातला ओलावा ओढत नाहीत. ते इतके गोड असतात, की साखर पाव कप कमी केली तरी चालते.