एक्सप्लेनर : एकाच गावच्या मधाची चव का बदलते?

तळेगाव (श्यामजी पंत) ज्या आष्टी तालुक्यात येते, तिथे संत्र्याच्या बागाही आहेत आणि पानझडीचे जंगलही. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मग पळस, मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि कडुनिंब. मकरंद बदलला की मधाचा रंग, वास, चव बदलते.

मध रवाळ झाला म्हणजे भेसळच, असे नाही. ग्लुकोजचे प्रमाण जास्त असलेला मध लवकर गोठतो.

खरा प्रश्न काढणीचा आहे. आग्यामोहोळ जाळून अख्खे पोळे पिळले, तर अळ्या मरतात आणि वसाहतही संपते. मधाचाच भाग कापला, तर पोळे टिकते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही अहिंसक पद्धत शिकवली आहे.

त्यामुळे मध घेताना दोन गोष्टी विचारा : कोणत्या महिन्याचा आणि कसा काढला?