जीन्स, 'आर' आणि आपली मुलं



गेल्या महिन्यात दोन घरांतून एकच प्रश्न आला. मुलीला बायोलॉजीही आवडतं आणि कॉम्प्युटरही, मग मेडिकलचा नाद सोडायचा का? मी बारा वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून थोडं लिहितो.

आमचं काम काय? डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए तोच. फरक एवढाच, की कुठला जीन कुठे चालू आणि कुठे बंद. प्रथिनांची कृती सांगणारे जीन्स माणसात सुमारे २० हजार, आणि ती कृती डीएनएच्या जेमतेम दोन टक्क्यांत मावते. चालू-बंद करणारी बटणं बरीचशी उरलेल्या भागात विखुरलेली. ती शोधायची तर डेटा इतका प्रचंड, की प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्यासाठी आमचं रोजचं हत्यार म्हणजे 'आर' ही भाषा. ती जन्मली इथेच, ऑकलंड युनिव्हर्सिटीत! रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती लिहिली आणि १९९५ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुली केली. पुढे २००१ मध्ये जंटलमननी अमेरिकेत 'बायोकंडक्टर' सुरू केलं. जीन्सचा हिशोब आज जगभर त्यावर होतो. आपलं पुणंही मागे नव्हतं बरं का. पुणे विद्यापीठात डॉ. अशोक कोळस्करांच्या पुढाकाराने १९८७ मध्येच बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र उभं राहिलं.

आता कडू भाग. पीएचडीनंतर पोस्टडॉकची दोन-तीन वर्षांची कंत्राटं. ग्रँट संपली की नोकरी संपली. आमच्याकडे मॉर्गेजचा हप्ता आणि ग्रँटची तारीख एकाच कॅलेंडरवर लाल शाईत असते. बायकोची नोकरी पक्की, म्हणून मी या क्षेत्रात टिकलो. हे मुलांपासून लपवू नका.

ज्यांना यायचंच आहे त्यांनी आधी स्टॅटिस्टिक्स पक्कं करावं. प्रोग्रॅमिंग मागाहूनही येतं. आणि भारतातल्या भाच्या-पुतण्यांना जरूर कळवा: २००६ पासून इथे परदेशी विद्यार्थ्यांनाही पीएचडीची फी स्थानिकांइतकीच पडते.

राहिला मूळ प्रश्न. तीन महिने डेटा साफ करून शेवटी हाती काहीच लागलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटेल का? हे मुलीलाच विचारा. मार्कांवरून ते कळत नाही.