सोडलेला बॉल कोण मोजतो?

भातकापणी झाली की आपल्या अंजनवेल-गुहागर पट्ट्यात टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. प्रत्येक वाडीच्या टीममध्ये एक तरी 'हिटर' असतोच. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, मनगटात जबरदस्त ताकद. मॅच मोजक्या ओव्हरची, त्यामुळे एकही बॉल सोडायचा नाही, हेच त्याला लहानपणापासून शिकवलं जातं. सोडलाच तर बाहेरून शिव्या! आपल्या होस्टेलच्या मॅचेस तरी कुठे वेगळ्या असतात? माझं स्पष्ट मत आहे, की अशाने आपण या पोरांचं नुकसान करतोय.

बेसबॉलमध्ये बॉल सोडण्याला चक्क किंमत आहे. ठरलेल्या चौकटीबाहेरचे चार बॉल सोडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. १९४१ साली .४०६ चं अ‍ॅव्हरेज काढणाऱ्या टेड विल्यम्सने १९७० साली फलंदाजीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने ही चौकट ७७ घरांत विभागली होती. आवडत्या घरातल्या बॉलवर आपलं अ‍ॅव्हरेज .४०० आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात फक्त .२३०, असा त्याचा हिशेब होता. माणूस तोच, बॅट तीच. फरक फक्त बॉल निवडण्याचा.

आता आपल्या विरारच्या पृथ्वी शॉकडे बघा. २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये ५४६. २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४, शतक फक्त ९९ बॉलमध्ये. आणि डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला मॅचच्या दुसऱ्याच बॉलवर, ऑफ स्टंपबाहेर शरीरापासून लांब बॅट घालून बोल्ड. दुसऱ्या डावात चार रन आणि पुन्हा बोल्ड. पुढच्या कसोटीत तो टीमबाहेर होता. प्रवीण आमरे यांच्याबरोबर मेहनत घेऊन त्याने २०२१ च्या विजय हजारे ट्रॉफीत ८२७ रन कुटले, २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजीत ३७९ केले. टॅलेंट गेलं नव्हतंच. पण कसोटीत एक फट दिसली की जगभरचे बॉलर तिथेच मारा करतात.

काहीजण म्हणतील, टी-ट्वेंटीच्या जमान्यात बॉल सोडणं म्हणजे भित्रेपणा. मग जानेवारी २००४ ची सिडनी आठवा. त्या सिरीजमध्ये सचिन ऑफ स्टंपबाहेर आउट होत होता. त्याने कव्हर ड्राइव्हच बंद केला आणि नाबाद २४१ काढले! याला भित्रेपणा म्हणणार का?

हे शिकवायचं कसं? ताशी १४० किलोमीटरचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. तेवढ्यात विचार होत नाही, फक्त सवय काम करते. म्हणून "अरे, डोकं वापर" असं नुसतं ओरडून काही होणार नाही. नेटमध्ये रोज वीस-पंचवीस बॉल न मारता नुसते बघावेत. बॉल हातातून सुटताच 'हो' किंवा 'नको' ओरडायचं. मग आवडत्या पट्ट्यातलेच मारायचे, पण मारायचे ते पूर्ण ताकदीने. कारण उलटी चूकही आपल्याकडे होते. सर म्हणतात, "खाली खेळ, खाली खेळ," आणि पोरगा मारणंच विसरतो. हिटरचा स्विंग कापायचा नाही, त्याला निवड शिकवायची.

म्हणून स्पोर्ट्स कमिटीला आणि सरांना एक विनंती. यंदाच्या इंटर-इयर टूर्नामेंटमध्ये निदान एक मॅच लेदर बॉलने, वीस ओव्हरची ठेवा. आणि स्कोअरबुकात षटकारांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : 'बरोबर सोडलेले बॉल'. जे आपण मोजतो, तेच पोरं शिकतात. आणि मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी बाहेरचा बॉल सोडला, तर शिव्यांऐवजी एक टाळी होऊन जाऊ दे!