फॉरमॅट मारण्यापूर्वी थोडे थांबा!

मागच्या रविवारी बुद्धवंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच वस्तीतल्या एका ताईंनी हाक मारली. ताई चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. त्यांचे मिस्टर ऑटो चालवतात. थोरली लेक पॉलिटेक्निकला आहे.

"भाऊ, आमचा कॉम्प्युटर बंद पडते म्हणतात. विंडोज संपलं म्हणे. दुकानवाला म्हणते, नवीनच घ्या, पस्तीस हजार लागतीन. बचत गटातून उचल घ्यावी म्हणते मी. तुम्ही हापिसात कॉम्प्युटरवरच असता, म्हणून विचारलं."

वाचकहो, ही अडचण एकट्या ताईंची नाही. पोटाला चिमटा घेऊन पोरांसाठी घेतलेला, बहुधा सेकंडहँड संगणक आज आपल्या अनेक घरांत आहे. त्याच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येते, घरातली माणसे घाबरतात आणि त्या भीतीपोटी कर्ज काढले जाते. म्हणून आज या सदरात संगणकाची विंडोज बदलण्याविषयी लिहीत आहोत.

आधी ही सूचना काय सांगते ते समजून घेऊ. विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली. बटण दाबताच संगणकाचा सारा कारभार ती हाती घेते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आणली आणि विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सेवा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, टंकलेखन होते, प्रिंट निघते. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. घराच्या कौलांना भोके पडतच असतात. आजवर कंपनी ती बुजवत होती, आता बुजवणार नाही. घर लगेच कोसळत नाही, पण पावसाळ्यात आत पाणी येणार. ज्या संगणकावरून बँकेचा व्यवहार होतो, आधार क्रमांक भरला जातो, त्याने असे फार दिवस राहू नये. बदल केला पाहिजे हे खरे. पण तो घाबरून, आजच्या आज आणि कर्ज काढून करायची गरज नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना उपदेश केला, की केवळ ऐकीव आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुकानदाराचे ऐकावे, पण आधी आपला संगणक आपण तपासावा. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. आपल्या संगणकावर विंडोज ११ चालेल की नाही, आणि नसेल तर का नाही, हे तो सांगतो. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर या त्यातल्या मुख्य अटी. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. पुष्कळदा टीपीएम संगणकात असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू केले की काम भागते. केवळ तेवढ्यासाठी 'मशीन जुनी झाली' असे कुणी म्हणत असेल, तर मान डोलावू नये.

तपासणीनंतर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट, संगणक पात्र असेल तर. मूळ विंडोज १० अधिकृत असेल तर ११ कडे जाण्याचे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून हे करता येते. फायली आणि प्रोग्रॅम राखून ठेवण्याचा पर्याय त्यात असतो. नवीन आवृत्ती मानवली नाही, तर पहिल्या १० दिवसांत जुनीकडे परत येता येते.

दुसरी वाट, पात्र नसेल आणि थोडा वेळ हवा असेल तर. कंपनीने घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव सोय जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ या तारखेपर्यंतची. संगणकाच्या सेटिंग्जची नोंद कंपनीच्या खात्यात ठेवणाऱ्यांना ती मोफत होती.

तिसरी वाट लिनक्सची. 'लिनक्स मिंट' ही कार्यप्रणाली मोफत आणि कायदेशीर आहे, आणि जुन्या यंत्रावरही चालते. ती संगणकात न बसवता आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तिच्यात पत्र लिहिता येते, हिशेबाचे तक्ते करता येतात, मराठी टाइप होते, सरकारी संकेतस्थळे उघडतात. मात्र टॅलीसारखे विंडोजचे प्रोग्रॅम तिच्यावर सरळ चालत नाहीत. ज्यांच्या घरी कुणी टॅली शिकत आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. संगणक फक्त मंद झाला असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने त्यात चांगलाच फरक पडतो. आणि थोड्या पैशांत चोरीची विंडोज टाकून देणारे गल्लोगल्ली भेटतील, त्यांच्यापासून दूर राहावे. तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका आहेच; शिवाय न दिलेले घेणार नाही, असे आपण दर रविवारी हात जोडून म्हणतो.

इथपर्यंतची माहिती कुणीही जाणकार मुलगा देईल. पण जे सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली, ते पुढे आहे.

आमच्या आईचे माहेर वर्ध्याजवळच्या एका खेड्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती आठ वर्षांची होती. बापाचे बोट धरून ती नागपूरला गेली. बाबासाहेबांना तिने बापाच्या खांद्यावर बसून, दुरून पाहिले. २०१५ साली एका दुपारी तिला बसवून आम्ही हे सारे मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केले. अठरा-वीस मिनिटांचे असेल. गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती, हे ती हसत सांगे. पांढरे लुगडे नव्हते, म्हणून तिच्या आईने कुणाचे तरी जुने धोतर रात्री धुऊन, झाडावर वाळवून नेसले होते, हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा. परतल्यावर बापाने घरातले देव एका टोपलीत भरले आणि नदीवर नेले, तेव्हा आजी दाराशी कशी उभी राहिली, तेही तिने सांगितले होते. मोबाइल जुना झाला, तसे ते ध्वनिमुद्रण आम्ही घरच्या संगणकावर घेतले. डेस्कटॉपवरच ठेवले, सहज दिसावे म्हणून. फाइलला नाव दिले 'आई'.

२०१८ मध्ये आई गेली.

१४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ ची मुदत संपली. त्या महिन्यात आम्हीही आजच्या ताईंसारखेच घाबरलो आणि संगणक उचलून दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने रीतसर विचारले, "काका, सी ड्राइव्हमधलं काही ठेवायचं आहे का?" आम्ही ऐटीत सांगितले, "नाही, आमचं सगळं डी ड्राइव्हला असतं." ऑफिसात रोज संगणकावर बसणारा माणूस, बी. कॉम. झालेला! डेस्कटॉपवर दिसणारी वस्तू सी ड्राइव्हमध्येच असते, हे त्या क्षणी डोक्यात आले नाही. त्याने फॉरमॅट मारला आणि नवी विंडोज टाकली.

घरी आल्यावर लक्षात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान गाठले, मग माहिती परत मिळवून देणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने समजावले, की फाइल पुसली तरी ती लगेच नाहीशी होत नाही. पण तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले, की मग इलाज नसतो. आमच्या आईच्या आवाजावर विंडोज लिहिली गेली होती. दुकानाच्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याने विचारले होते.

आईचा फोटो भिंतीवर आहे. आवाज मात्र आता कुठेच नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, आवृत्ती कोणतीही टाका, आधी नकला घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. ते आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. टॅली असेल तर तिचा बॅकअप वेगळा घ्या. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, महाडीबीटीच्या अर्जाच्या पावत्या एका फोल्डरात ठेवा. विहाराचे जुने अहवाल किंवा जयंतीच्या वर्गणीच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर ते फॉन्टही सोबत घ्या. नाही तर नव्या संगणकावर मराठीच्या जागी अगम्य अक्षरे दिसतील. पासवर्ड वहीत लिहा. विंडोज ११ मध्ये काही संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, तीही वहीत उतरवा. नक्कल घेतली म्हणजे काम संपले असे समजू नका. दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहा. आणि अर्जाची शेवटची तारीख डोक्यावर असताना, किंवा वीज जाण्याची भीती असताना हे काम काढू नका.

एक नक्कल संगणकात, दुसरी कपाटातल्या पेनड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्या गावच्या भावाबहिणीकडे किंवा इंटरनेटवरच्या खात्यात. तिसरी कशाला, असे कुणी विचारील. आपला धम्मच पाहा. भगवंतांची वचने भिक्खूंनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ती लिहून काढली. पुढे आपल्या देशात विहार ओस पडले, नालंदा उद्ध्वस्त झाली. तरी पाली तिपिटक श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, सयामात शाबूत राहिले. संस्कृतातले किती तरी बौद्ध ग्रंथ तर तिबेटी आणि चिनी भाषांतरांतूनच उरले. सारे एकाच ठिकाणी असते, तर आज आपल्या हाती काय आले असते?

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही ताईंच्या घरी गेलो. संगणक सहाव्या पिढीचा निघाला. विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हता. नवा घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला. लेकीला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवले. तिने शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडून पाहिले, कॉलेजचे पाठ उघडले, दोन ओळी मराठीत टाइप केल्या आणि म्हणाली, "काका, जमते मला." बचत गटाची उचल टळली.

पण बसवण्याआधी नकला घ्यायला बसलो. डेस्कटॉपवर एक व्हिडिओ सापडला. ताईंचे सासरे, आता हयात नाहीत, जयंतीच्या मंडपात खंजिरी घेऊन भीमगीत गात होते. आवाज पार बसलेला, पण ठेका पक्का. ताई पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "भाऊ, हेही गेलं असतं?"

आम्ही म्हटले, "हो, ताई."

त्या व्हिडिओच्या तीन नकला झाल्या, तेव्हाच आम्ही उठलो.

येत्या रविवारी वंदनेनंतर आमच्या विहारात आम्ही आणि दोन-तीन जाणती मुले बसणार आहोत. ज्याला त्याला आपापल्या कागदपत्रांच्या, फोटोंच्या नकला करून देऊ. विंडोज ११ बसवण्याचा पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, आणि एकच साऱ्या वस्तीला चालतो. प्रत्येकाने मोबाइलचा डेटा जाळायची गरज नाही. आपापल्या विहारात तुम्हीही असा एक रविवार काढा.

आणि एक विनंती. १९५६ चा तो दिवस आठवणारी माणसे आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात कुणी असेल, तर आजच मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलते करा. मात्र ते बोलणे एकाच ठिकाणी ठेवू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!